साठीबाई आणि पांढरे खडे

साठीबाई हे नाव पडलं तेव्हा बाई जेमतेम तिशीच्या होत्या. त्यामुळे शाळेत नवीन आलेला माणूस हमखास फसायचा. नावावरून तो कुणी पिकल्या केसांची, जिना चढताना धापा टाकणारी बाई शोधत असायचा, आणि समोरून ह्या बाई एकेक पायरी गाळत, काखेत बेडकाची बरणी धरून धाडधाड वर जायच्या.

नावाचा वयाशी काडीचा संबंध नव्हता. सगळा दोष एका साध्या शब्दाचा होता. जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत ‘साठी’ दिसला की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ‘उंच झाडाचा पाला खाण्यासाठी जिराफाची मान लांब झाली.’ लाल रेघ. ‘शत्रूपासून लपण्यासाठी नाकतोडा हिरवा झाला.’ लाल रेघ. ‘थंडीसाठी अस्वलाला दाट केस आले.’ दोन लाल रेघा, आणि समासात प्रश्न: ‘कोणी आणून दिले?’

बाईंचं म्हणणं असं, की ‘साठी’ म्हटलं म्हणजे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. खिसा रुमालासाठी असतो, कारण शिंप्याने तो तसा बेतलेला असतो. नाकतोड्याने मात्र कधी मनाशी ठरवलं नाही, की उद्यापासून आपण हिरवं व्हायचं. नाकतोड्यांत मुळातच रंगांचे प्रकार होते, काही हिरवे, काही तपकिरी, काही अधलेमधले. गवतात जे उठून दिसले ते पक्ष्यांनी टिपले. जे दिसले नाहीत ते जगले, त्यांना पिल्लं झाली, आणि पिल्लं आईबापांच्या वळणावर गेली. हेच पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि गवतात हिरव्यांची गर्दी झाली. यात कुणाची इच्छा नाही, हौस नाही, बेत नाही.

मुलं माना डोलवायची. “कळलं?” विचारलं की एका सुरात “हो बाई” म्हणायची. आणि परीक्षेत लिहायची, ‘लपण्यासाठी नाकतोडा हिरवा झाला.’ पालथ्या घड्यावर पाणी.

भरीस भर म्हणून पुस्तकातला शब्द होता ‘नैसर्गिक निवड’. निवड म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर खेळाचा संघ निवडतात तो देखावा यायचा. निसर्ग खुर्ची टाकून बसलाय, प्राणी रांगेत उभे आहेत, आणि तो बोट दाखवतोय: तू ये, तू जा. एका मुलाने लिहिलं होतं, ‘निसर्गाने वाघाची निवड केली व सशाला नाकारले.’ बाईंनी खाली लिहिलं, ‘सशाला तसं कळवलं का? तो अजून भराभर वाढतो आहे.’

आता निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं, आणि वय खरोखरच साठीकडे झुकलं होतं. फळ्यावर कुणीतरी ‘साठी बुद्धी नाठी’ लिहून ठेवलं, तर बाईंनी त्यातला एक वेडावाकडा काढलेला ठ नीट केला आणि शिकवायला सुरुवात केली. बाई रागीट खऱ्या, पण राग शब्दांवर काढायच्या, पोरांवर नाही.

घरीही ‘साठी’ला बंदी होती. बाईंचे यजमान, ज्यांना आपण शिंपीराव म्हणू, चहा मागताना म्हणायचे, “चहासाठी, नव्हे, चहाचं आधण ठेवतेस का?” शिंपीराव नावाजलेले शिंपी होते. त्यांनी बेतलेला कोट अंगात घातला की पोट सुटलेला माणूसही ताठ चालायचा. बाई कधीतरी वैतागून म्हणायच्या, “निसर्ग म्हणजे काही शिंपी नव्हे, माप घेऊन शिवून द्यायला.” त्यावर शिंपीराव गंभीरपणे म्हणायचे, “नाहीच. आमच्या धंद्यात एवढी नासाडी चालत नाही.” बाईंना हे वाक्य इतकं आवडलं होतं, की त्या ते वर्गात स्वतःचं म्हणून सांगायच्या.

मागच्याच वर्षी शिंपीरावांनी दुकान बंद केलं. विचारणाऱ्याला सांगत, “कंटाळा आला.” त्यामागचं कारण घरात सगळ्यांनी ताडलं होतं आणि कुणी तोंडाबाहेर काढत नव्हतं. त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. चष्मा लावला असता तर काम भागलं असतं. पण पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला चष्मा लागला तेव्हा ह्यांनीच भर दुकानात म्हटलं होतं, “आता त्याच्या हातचा कोट घातला की दोन खांदे दोन गावांना जाणार.” बोलले ते बोलले. आता तोच चष्मा स्वतःच्या नाकावर कोणत्या तोंडाने चढवायचा? त्यांच्या नाकाला ते भिंग फार जड झालं असतं.

पण हातावर हात धरून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी घरातली कामं मागून घेतली, आणि त्यातलं सगळ्यात आवडीचं म्हणजे तांदूळ निवडणं. खिडकीशी ताट घेऊन बसायचे, तांदूळ पसरायचे, बोटांनी एका बाजूने दुसऱ्या बाजूला सारायचे आणि खडे टिचकीने खिडकीबाहेर उडवायचे. वर म्हणायचे, “मी निवडलेल्या तांदळात खडा सापडला तर नाव बदलीन.”

त्याच वर्षी बाईंची भाची शिकायला त्यांच्या घरी राहायला आली. ही बहिणीची मुलगी. दिवसा रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करायची. चादरी बदल, बाटल्या उचल, म्हाताऱ्यांना धरून चालव. हात इतका हलका, की रोगी तिच्याच नावाने हाका मारायचे. तिला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं आणि मध्ये जीवशास्त्राची परीक्षा आडवी आली होती. लेखी ती पास झाली होती, कारण पाठांतर जबरदस्त. तोंडी परीक्षेत मात्र दोनदा आपटली. पहिल्या वेळी तिने जिराफाची मान घडाघडा म्हणून दाखवली. परीक्षकांनी विचारलं, “उंचावरचा पाला बकरीलाही आवडतो. मग बकरीची मान का नाही वाढली?” भाचीने पुन्हा जिराफापासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी व्याख्या तोंडपाठ म्हटली. परीक्षक म्हणाले, “छान. आता स्वतःचं एक उदाहरण द्या.” भाचीने पुन्हा व्याख्याच म्हटली. आता तिसरी वेळ, आणि नियमाप्रमाणे शेवटची. या वेळी गेली तर आयुष्यभर चादरी.

“मावशी, तू आहेस म्हणजे मला काळजी नाही,” ती म्हणाली. हे ऐकून बाईंनाच काळजी लागली. इतकी वर्षं हा धडा शिकवून तो किती जणांच्या डोक्यात शिरला, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

मग घरात निसर्ग अवतरला. बाईंनी हिरव्या चादरीवर शिंपीरावांच्या डब्यातली हिरवी आणि लाल बटणं पसरली आणि भाचीला म्हणाल्या, “तू पक्षी. पटापट टीप.” भाचीने टिपली. लाल संपली, हिरवी उरली. “काय कळलं?” “हिरवी बटणं लपण्यासाठी,” भाची म्हणाली आणि जीभ चावली. बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी बकरी आणि जिराफ समजावले, बेटांवरच्या पक्ष्यांच्या वेगवेगळ्या चोची समजावल्या. भाची सगळं पाठ करायची. पोरगी मुळीच मठ्ठ नव्हती, पण मावशीचा धडा तिला देवाच्या आरतीसारखा वाटायचा. म्हणायचा, प्रश्न विचारायचा नाही.

तोंडी परीक्षा आठवड्यावर आली आणि एका रविवारी दुपारी जेवताना बाईंच्या दाढेखाली काहीतरी कडकन वाजलं. साधा खडा लागणं वेगळं आणि हे वेगळं. दाढेचा टवकाच उडाला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी तोंडावर पदर धरला आणि चूळ भरायला उठल्या. शिंपीरावांनी विचारलं, “काय झालं?” “ठसका,” बाई म्हणाल्या.

भाचीच्या नजरेतून हे सुटलं नाही. जेवणं आटपून शिंपीराव आडवे झाल्यावर ती मोरीपाशी आली. बाईंनी मूठ उघडली. दाढेचा तुकडा, आणि शेजारी एक पांढराशुभ्र खडा, तांदळाच्या दाण्याएवढा.

“काकांनी निवडले होते ना?” भाची कुजबुजली.

“हळू बोल. आत ऐकू जाईल.”

दोघींनी निवडलेल्या तांदळाचा डबा उतरवला आणि शिंपीरावांच्या जुन्या काळ्या अस्तराच्या तुकड्यावर तांदूळ पसरला. काळ्यावर पांढरं, त्यामुळे नजर लावून पाहिलं की फरक कळत होता. एक खडा निघाला. आणखी एक. मग निघतच राहिले. बाईंच्या लक्षात आलं, की घरातल्या उरलेल्या दाढा केवळ नशिबाने शाबूत आहेत.

“बघ ना मावशी,” भाची म्हणाली, “सगळे पांढरे. सगळे दाण्याएवढे. एकसुद्धा काळा नाही. जणू काकांना फसवण्यासाठीच…” आणि घरात बंदी असलेला शब्द तोंडातून गेला म्हणून तिने ओठांवर हात ठेवला.

बाई रागावणार होत्या. पण भाचीच्या कपाळावर आठी पडली होती आणि ती खड्यांकडे बघत होती. बाई गप्प राहिल्या. हे त्यांना आयुष्यात फार वेळा जमलं नव्हतं.

“पण खडे काही फसवायला बसलेले नाहीत,” भाची सावकाश म्हणाली. “हे पांढरे झालेलेच नाहीत. पोत्यात सगळेच होते. काळे होते, लाल होते, मोठे होते. ते काकांना दिसले, ते गेले. हे दिसले नाहीत, म्हणून हे राहिले.”

“पुढे.”

“काकांनी ह्यांना निवडलं नाही. काकांनी बाकीच्यांना निवडून काढलं.”

बाई पिठाच्या डब्यावर बसल्या. इतकी वर्षं त्या ‘निवड’ ह्या शब्दाशी भांडत आल्या होत्या. खुर्ची टाकून बसलेल्या निसर्गाला मुलांच्या डोक्यातून हुसकायला त्यांनी घसा कोरडा केला होता. आणि शब्दाचा खरा अर्थ त्यांच्याच स्वयंपाकघरात रोज ताटात पसरलेला होता. तांदूळ निवडायला बसलेलं माणूस तांदूळ कुठे निवडतं? ते खडे काढतं. जे हाताला लागत नाही ते आपोआप मागे राहतं, मग तो दाणा असो की दाण्यासारखा दिसणारा खडा. ‘त्याला खड्यासारखं बाजूला काढलं’ असं आपण दिवसातून दहादा म्हणतो, तरी हे कधी सुचलं नाही. बाईंना स्वतःचा राग आला आणि त्याहून जास्त आनंद झाला.

पण बाई त्या बाईच. आनंदातही त्यांनी प्रश्न काढलाच. “एक अजून राहिलंय. काका असेच निवडत राहिले, तर पुढच्या पोत्यात पांढरे खडे वाढतील का?”

भाचीने विचार केला. पाठ केलेलं आठवताना ती वर आढ्याकडे बघायची. आता ती हातातल्या खड्याकडे बघत होती.

“नाही वाढणार,” ती म्हणाली. “खड्यांना पोरं कुठे होतात?”

बाईंना तिला उचलून गोल फिरवावंसं वाटलं. वय आणि दाढ दोन्ही आडवी आली. मग त्यांनी तिला तणाची गोष्ट सांगितली. भाताच्या शेतात एक तण उगवतं. लोक हाताने उपटतात. जे वेगळं दिसतं ते आधी उपटलं जातं, जे भातासारखं दिसतं ते चुकून राहून जातं. ते फुलतं, त्याचं बी पडतं, आणि त्याची रोपं त्याच्याचसारखी निघतात. असं पिढ्या न्‌ पिढ्या चाललं, आणि आता ते तण इतकं भातासारखं दिसतं, की जाणता माणूसही चकतो. तणाने काही ठरवलं नाही आणि उपटणाऱ्यानेही नाही. उपटणाऱ्याला तर ते नकोच होतं.

“म्हणजे तीन गोष्टी लागतात,” भाची म्हणाली. “मुळात सगळे सारखे नकोत. काही जाणार आणि काही राहणार. आणि राहतील त्यांची पोरं त्यांच्यासारखी हवीत.”

“हे कुठे वाचलंस?”

“वाचलं नाही. तू आत्ता सांगितलंस ना?”

बाईंनी सांगितलं नव्हतं. पण त्यांनी तिला दुरुस्त केलं नाही. फक्त डबा बंद करताना बजावलं, “काकांच्या डोळ्यांबद्दल कुठेही एक शब्द काढायचा नाही. त्यांचा जीव त्या ताटात आहे.” भाचीने मान हलवली. त्या दिवसापासून शिंपीराव निवडून उठले, की दोघी मागच्या दाराशी काळ्या अस्तरावर पुन्हा निवडायच्या.

तोंडी परीक्षेच्या दिवशी, परीक्षेला नात्यातली मुलगी होती म्हणून, बाईंना परीक्षेच्या खोलीजवळही फिरकता येत नव्हतं. त्या घरीच होत्या. त्यांनी दोनदा ओटा पुसला, आमटीत दोनदा मीठ घातलं. मुलांना परीक्षेची भीती वाटते म्हणून आपण त्यांना हसायचो, ह्याची त्यांना लाज वाटली. शिंपीराव आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते.

भाची आली ती धावतच. चप्पल एक दाराबाहेर, एक आत.

“मावशी, पास. परीक्षकांनी तिथल्या तिथे सांगितलं.”

बाईंनी तिला धरलं आणि दोघी काही वेळ नुसत्या हसत राहिल्या. मग बाई म्हणाल्या, “पहिल्यापासून सांग. एक अक्षर गाळायचं नाही.”

भाचीने सांगायला सुरुवात केली. “म्हणाले, तुम्ही रुग्णालयात काम करता ना? मग सांगा, काही जंतूंवर जुनी औषधं का चालत नाहीत? माझ्या आधीची मुलगी म्हणाली होती, जंतूंना औषधाची सवय होते. आमच्याकडेही सगळे तसंच म्हणतात. माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं. पण मी म्हटलं, सवय नाही सर. आमच्या घरी माझे काका तांदूळ निवडतात. त्यांना नीट दिसत नाही…”

बाईंनी डोळे मोठे केले. पण भाची आता थांबणाऱ्यातली नव्हती.

“…त्यांना काळे खडे दिसतात, ते ते काढतात. पांढरे दिसत नाहीत, ते राहतात. औषध म्हणजे काका. बहुतेक जंतू औषधाला सापडतात, ते मरतात. थोडे पहिल्यापासूनच जरा वेगळे असतात, औषधाच्या हाताला लागत नाहीत, ते उरतात. खडे उरले तर तेवढेच राहतात. जंतू उरले तर त्यांना पोरं होतात, आणि पोरं तशीच निघतात. थोड्या दिवसांत अख्ख्या वॉर्डात त्यांचंच राज्य. तर परीक्षक म्हणाले, म्हणजे औषधाने जंतूंना चिवट केलं? मी म्हटलं, नाही सर. चिवट थोडे होतेच. औषधाने बाकीचे काढले. मग ते हसले आणि म्हणाले, हे उदाहरण कोणत्या पुस्तकातलं? मी म्हटलं, घरातलं.”

आतल्या खोलीच्या दारात शिंपीराव उभे होते. हातात अर्धवट घडी घातलेला टॉवेल.

भाचीचा चेहरा उतरला. “काका, मी… दुसरं काही सुचेना. हा एकच दाखला माझा स्वतःचा होता.”

 आमटी रटरटत होती, ती बंद करायचंही बाईंना सुचलं नाही. आपल्याच शिकवण्याने ह्या माणसाचं हसं झालं, असं त्यांना वाटलं आणि जीव तुटला. शिंपीराव पुढे आले, खुर्चीत बसले, टॉवेल मांडीवर ठेवला.

“पोरगी पास झाली ना?” ते म्हणाले. “मग असली तोंडं कशाला करता?”

“तुम्हाला वाईट वाटलं,” बाई म्हणाल्या.

“ते नंतर बघू.” त्यांनी बाईंकडे तोंड केलं. “मला दिसत नाही हे तुला कधीपासून माहीत होतं?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “दुकान चालू होतं तेव्हापासून,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला सुई ओवता येईना. मग तुम्ही झोपलात, की मी तुमच्या डब्यातल्या सगळ्या सुया ओवून सुयांच्या गादीत टोचून ठेवायची. पांढरा दोरा, काळा दोरा, सगळे.”

शिंपीराव खुर्चीत पुढे सरकले.

“त्या तू ओवायचीस?”

“मग कोण?”

“मला वाटायचं मीच ओवतो आणि विसरतो.” ते म्हणाले. “रोज सकाळी सुया ओवलेल्या. मी कधी ओवल्या ते काही केल्या आठवेना. म्हटलं, डोळे गेले ते गेले, आता डोकंही चाललं. उद्या उलटंच काही शिवून बसेन. म्हणून दुकान बंद केलं मी. डोळ्यांसाठी नाही.”

 बाईंनी नवऱ्याला दुखू नये म्हणून झाकलं होतं, आणि तेच झाकलेलं शिंपीरावांना इतके दिवस आतून पोखरत होतं. ह्या माणसाने ती भीती एकट्याने बाळगली आणि वर खिडकीशी बसून विनोद केले. बाईंना रडू फुटलं. त्या शिंपीरावांच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. रडताना त्यांना हसूही येत होतं, कारण शिंपीराव स्वतःच हसायला लागले होते. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. अंगावरचं ओझं उतरल्यावर माणूस हसतो तसे ते हसत होते. भाचीने गुपचूप जाऊन आमटी उतरवली.

“म्हणजे माझं डोकं शाबूत आहे,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “नुसते डोळेच.”

“नुसते डोळेच,” बाई म्हणाल्या.

त्यांनी टॉवेलने बाईंचे डोळे पुसले, मग स्वतःचे पुसले, आणि उठून कोट अंगात चढवला.

“तो डोळ्यांचा डॉक्टर संध्याकाळी किती वाजता बसतो, कुणाला तरी विचारायला हवं.”

कुणाला विचारायची गरज नव्हती. बाईंना ती वेळ दुकान बंद व्हायच्या आधीपासून पाठ होती.